सव्वा टक्क्याची साथ: सौरऊर्जेचे कामगार, मातीतली बुरशी आणि 'पत्ता' नावाचा रकाना

आमच्या विभागात दर शुक्रवारी दुपारी जर्नल क्लब असतो. एकाने पेपर वाचून समजावून सांगायचा आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. गेल्या महिन्यात माझी पाळी होती. मी निवडलेला पेपर २०१५ साली 'इमर्जिंग इन्फेक्शियस डिसीजेस' या नियतकालिकात आला होता. कॅलिफोर्नियात सौरऊर्जा प्रकल्प उभारणाऱ्या कामगारांना फुप्फुसाचा बुरशीजन्य आजार झाला, त्याचा तो अभ्यास. मी दुसऱ्याच स्लाइडवर आकडा दाखवला: ३,५७२ कामगार, त्यात ४४ रुग्ण.

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या एका मुलीने लगेच हात वर केला. "ताई, ३,५७२ पैकी ४४ म्हणजे जेमतेम सव्वा टक्का. याला साथ कसं म्हणायचं? आमच्या होस्टेलमध्ये दर पावसाळ्यात याहून जास्त मुली तापाने आजारी पडतात."

प्रश्न अगदी बरोबर होता. त्या दिवशी मी दिलेलं उत्तर मात्र अर्धवट होतं. आज ते पूर्ण लिहिते आहे. पीएच.डी.च्या मुलाखतीची तयारी करणाऱ्यांना आणि पहिल्यांदा सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांना याचा उपयोग होईल, कारण यात शिकायचं आहे ते बुरशीपुरतं नाही. माहिती कुठल्या रकान्यात भरली जाते त्यावर आपल्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही हे ठरतं.

आधी आजार समजून घेऊ

या आजाराचं नाव कॉक्सिडिओइडोमायकोसिस. बोलायला अवघड, म्हणून तिकडचे लोक 'व्हॅली फीव्हर' म्हणतात. ही 'व्हॅली' म्हणजे कॅलिफोर्नियातली सॅन वाकीन व्हॅली. कारण आहे कॉक्सिडिओइडिस या वंशाची बुरशी. तिच्या दोन प्रजाती आहेत, इमिटिस आणि पोसाडासी. अमेरिकेचा नैऋत्य भाग, मेक्सिको, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले काही कोरडे प्रदेश हे तिचं घर.

जमिनीत ही बुरशी धाग्यांच्या रूपात वाढते. माती कोरडी पडली की धाग्यातल्या काही पेशी जाड होतात आणि त्यांच्या शेजारच्या पेशी रिकाम्या होऊन मोडतात. धाग्याचे असे तुकडे सुटे होतात, त्यांना आर्थ्रोकोनिडिया म्हणतात. त्यांचा आकार साधारण ३ ते ५ मायक्रॉन. इतका बारीक कण नाकात किंवा घशात अडकत नाही, थेट फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोचतो. तिथे गेल्यावर तो रूप बदलतो. फुगून गोल होतो (याला स्फेरूल म्हणतात), त्याच्या आत शेकडो छोट्या पेशी तयार होतात, गोळा फुटतो आणि त्यातली प्रत्येक पेशी पुन्हा नवा गोळा होऊ शकते.

संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे ६० टक्के लोकांना काहीच जाणवत नाही किंवा अगदी किरकोळ त्रास होतो. बाकीच्यांना श्वासातून कण गेल्यावर एक ते तीन आठवड्यांनी ताप, खोकला, छातीत दुखणं, सांधेदुखी आणि प्रचंड थकवा येतो. बहुतेक जण बरे होतात, पण थकवा कधी कधी कित्येक महिने राहतो. थोड्या लोकांमध्ये बुरशी फुप्फुसाबाहेर पसरते: त्वचा, हाडं, मेंदूभोवतीची आवरणं. तसं झालं तर उपचार दीर्घकाळ, काही वेळा जन्मभर घ्यावे लागतात.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत. पहिली, हा आजार एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला होत नाही. म्हणजे रुग्ण जिथे आहे तिथे धोका नाही, धोका मातीत आहे. दुसरी, लक्षणं साध्या न्यूमोनियासारखी असतात. छातीचा एक्स-रे बघून फरक कळेलच असं नाही. त्यामुळे डॉक्टरच्या डोक्यात ही शंका आली नाही तर रुग्णाला अँटिबायोटिक मिळतं, आणि बुरशीवर अँटिबायोटिकचा काही परिणाम होत नाही.

सौरऊर्जा आणि धूळ

सौरऊर्जा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर स्वच्छ, निळ्या पट्ट्यांचं शेत येतं. पण त्या पट्ट्या उभ्या करण्याआधी काय होतं बघा. शेकडो एकर जमीन सपाट करायची, हजारो खांब ठोकायचे, केबलसाठी चर खणायचे, दिवसभर ट्रक आणि बुलडोझर फिरवायचे. जागा निवडताना ऊन भरपूर आणि पाऊस कमी असलेली बघतात. या बुरशीलाही नेमकी तशीच जागा मानवते. सॅन लुइस ओबिस्पो काउंटीतले हे दोन प्रकल्प असेच होते. (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं समजा.)

मातीचं काम आणि व्हॅली फीव्हर यांचा संबंध काही नवा शोध नव्हता. दुसऱ्या महायुद्धात सॅन वाकीन व्हॅलीत लष्करी विमानतळ बांधले गेले, तेव्हा तिथले सैनिक आजारी पडायला लागले. चार्ल्स ई. स्मिथ या संशोधकाने तिथे धूळ कमी करण्याचे उपाय सुचवले: मोकळ्या जागेत गवत लावणं, धावपट्टीलगतच्या जमिनीवर तेल मारणं. संसर्ग बराच कमी झाला. म्हणजे १९४० च्या दशकातच कारण माहीत होतं आणि उपायही माहीत होता. सत्तर वर्षांनी तेच पुन्हा घडलं.

आता तो सव्वा टक्का

ऑक्टोबर २०११ ते एप्रिल २०१४ या काळात लक्षणं सुरू झालेले ४४ रुग्ण सापडले. ४४ भागिले ३,५७२ म्हणजे दर शंभर कामगारांमागे १.२. याला अटॅक रेट म्हणतात.

साथ म्हणजे 'खूप रुग्ण' अशी आपली समजूत असते. साथरोगशास्त्रात व्याख्या वेगळी आहे: त्या जागी, त्या लोकांमध्ये, त्या काळात जेवढे रुग्ण अपेक्षित असतात त्यापेक्षा जास्त आढळले की ती साथ. म्हणजे सव्वा टक्का मोठा की छोटा हे ठरवायला शेजारी दुसरा आकडा ठेवावाच लागतो.

तो कुठून आणायचा? कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये एक कायदा केला (त्याबद्दल पुढे). त्यात 'हा आजार फार असलेली काउंटी' कोणती हे ठरवायला निकष धरला आहे वर्षाला दर लाख लोकांमागे २० पेक्षा जास्त रुग्ण. म्हणजे दर लाखामागे २० हाच तिकडे 'जास्त' समजला जातो. आपला १.२ टक्का त्याच भाषेत आणू. ४४ भागिले ३,५७२ गुणिले एक लाख, म्हणजे सुमारे १,२३२. पण हा आकडा ३१ महिन्यांचा आहे. एका वर्षाचा काढला तर सुमारे ४७७ येतो.

एकीकडे २०, दुसरीकडे ४७७. सव्वा टक्का आता तेवढा लहान वाटत नाही ना?

इथे थांबू नका. मुलाखतीत पुढचा प्रश्न असाच येतो: या गणितात चूक कुठे आहे? मला दिसतात त्या दोन. एक, मी सगळे ३,५७२ कामगार ३१ महिने कामावर होते असं धरलं. बांधकामावर तसं कधी नसतं. कोणी दोन महिने येतो, कोणी आठ. प्रत्येकाने प्रत्यक्ष किती काळ काम केलं त्याची बेरीज करून (मनुष्य-वर्षं) भागलं तर छेद लहान होईल आणि दर आणखी वाढेल. दोन, काउंटीच्या दरात लहान मुलं, म्हातारी माणसं, ऑफिसात बसणारे सगळे येतात, कामगार मात्र धडधाकट वयातली माणसं. म्हणजे ही तुलना एकास एक नाही. तिच्यावरून अंदाज बांधा, निष्कर्ष म्हणून लिहू नका.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ

पेपरच्या सारांशात एक वाक्य आहे, ते मी पहिल्या वाचनात सोडून दिलं होतं. ४४ रुग्णांपैकी २० जण कॅलिफोर्नियातच पण दुसऱ्या काउंटीत राहणारे होते आणि १० जण दुसऱ्या राज्यांतले.

४४ मधून ३० वजा करा. राहिले १४.

आता समजा, तुम्ही सॅन लुइस ओबिस्पोच्या आरोग्य कार्यालयात बसला आहात. तुमच्यासमोर तुमच्या काउंटीतल्या रहिवाशांची यादी येते, कारण आजारांची नोंद रुग्ण राहतो त्या पत्त्यावर होते. अडीच वर्षांत विखुरलेले १४ रुग्ण. त्यातला एखादा शेतकरी असेल, एखादा विद्यार्थी असेल असं तुम्ही धरून चालाल. व्हॅली फीव्हर तसाही त्या भागात असतोच. तुम्हाला साथ दिसणार नाही. उरलेले तीस जण इतर काउंट्यांच्या आणि राज्यांच्या यादीत एकेक, दोन-दोन असे विरून जातील. प्रत्येक यादी आपापल्या जागी बरोबर असेल आणि तरी साथ कुठल्याच यादीत सापडणार नाही.

त्यात रोगाचा एक ते तीन आठवड्यांचा काळ धरा. कामगार धुळीत काम करतो, काम संपतं, गाडी काढून घरी जातो, आणि तिथे आठवड्याभराने ताप येतो. जिथे ही बुरशी मातीत नाही अशा राज्यातला डॉक्टर त्याला तपासतो. "कुठे काम करत होतास?" हे त्याने विचारलं नाही तर न्यूमोनिया म्हणून औषध देतो. त्या डॉक्टरची चूक म्हणावी तर त्याने व्हॅली फीव्हर कधी पाहिलेलाही नसतो.

म्हणून अशी साथ पकडायची तर दोन याद्या शेजारी ठेवाव्या लागतात: आरोग्य खात्याची रुग्णांची यादी आणि मालकाकडची कामगारांची यादी. पहिलीत पत्ता असतो, दुसरीत कामाची जागा. दोन्हींत असलेली नावं जुळली की मग आकृती दिसते.

मिशिगनमधलं एक उदाहरण याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे. २०२३ च्या सुरुवातीला एस्कानाबा या छोट्या गावातल्या कागद कारखान्यात ब्लास्टोमायकोसिस या वेगळ्या बुरशीजन्य आजाराची साथ आली. एप्रिलच्या मध्यापर्यंत २१ खात्रीचे आणि ७६ संभाव्य रुग्ण मोजले गेले होते, एका कंत्राटी कामगाराचा मृत्यू झाला होता, आणि कारखाना साफसफाईसाठी काही काळ बंद ठेवला गेला. तिथे कारखाना एका जागी पक्का उभा आहे. एकाच ठिकाणी काम करणारी बरीच माणसं एकाच भागात न्यूमोनियाने आजारी पडली तर स्थानिक आरोग्य खात्याच्या नजरेत लवकर येतं. सौर प्रकल्पावर जागा एक असते आणि माणसं दहा ठिकाणची.

२५ आणि ६: घाई करू नका

पेपरात आणखी एक जोडी आहे. रुग्णांपैकी २५ जण वारंवार माती उकरण्याचं काम करत होते. त्यातल्या फक्त ६ जणांनी आपण श्वसनसंरक्षक मास्क वारंवार वापरत होतो असं सांगितलं.

जर्नल क्लबमध्ये लगेच दोन आवाज आले. एकजण म्हणाला, "बघा, मास्क न वापरल्यामुळे झालं." दुसरा म्हणाला, "सहा जणांनी मास्क वापरूनही झालंच की, मग मास्कचा उपयोग काय?"

दोघेही चुकले, आणि एकाच कारणाने. हे २५ जण सगळे आजारी पडलेले आहेत. आजारी न पडलेल्यांपैकी किती जण मास्क वापरत होते हे या आकड्यात नाही. समजा निरोगी कामगारांतही चौथा हिस्साच मास्क वापरत असेल, तर या आकड्यावरून मास्कबद्दल काहीच सांगता येणार नाही. त्यांच्यातले तीन चतुर्थांश वापरत असतील, तर मास्कने बचाव होतो असं म्हणायला जागा आहे. तुलनेचा गट नसताना फक्त रुग्णांच्या टक्केवारीवरून कारण सांगायचं नाही. हा नियम पाठ करून ठेवा, पुढच्या पाच वर्षांत पन्नास वेळा उपयोगी पडेल.

मग या जोडीचा अर्थ काय? एवढाच, पण तोही लहान नाही: ज्यांना सर्वांत जास्त धूळ खावी लागत होती, त्यांच्यातल्या आजारी पडलेल्या बहुतेकांच्या तोंडावर वारंवार मास्क नव्हता. ही प्रकल्पावरच्या व्यवस्थेबद्दलची माहिती आहे. मास्क किती परिणामकारक आहे हे तिच्यावरून कळत नाही.

४४ हा आकडा तरी खरा आहे का?

बहुधा खऱ्या संख्येपेक्षा कमी आहे. ज्यांना लक्षणंच आली नाहीत ते यात नाहीत. ज्यांना ताप आला पण रोजंदारी बुडेल म्हणून दवाखान्यात गेले नाहीत, ते नाहीत. ज्यांची रक्ततपासणी फार लवकर झाली आणि प्रतिपिंड तयार व्हायच्या आधीच 'निगेटिव्ह' आली, तेही निसटले असू शकतात.

उलट बाजूही लिहायला हवी. प्रकल्पावर चर्चा सुरू झाली की लोक जास्त तपासण्या करून घेतात. एरवी न कळलेली सौम्य केसही नोंदली जाते, मग आकडा आजूबाजूच्या लोकांच्या तुलनेत फुगतो. तुमच्या प्रबंधात 'मर्यादा' हे प्रकरण लिहाल तेव्हा दोन्ही दिशा लिहा. एकच दिशा लिहिली की परीक्षक दुसरी विचारतोच.

पण या आकड्यात माणसं आहेत हेही विसरू नका. ९ जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. ३४ जणांचं काम बुडालं, आणि बुडालेल्या दिवसांचा मध्यक २२ होता. मध्यक म्हणजे निम्म्यांचे २२ किंवा त्याहून कमी दिवस गेले आणि निम्म्यांचे तेवढे किंवा त्याहून जास्त. इथे सरासरी न देता मध्यक का दिला असावा? एखाद्याचे दोनशे दिवस गेले तर सरासरी एकदम वर जाते आणि बाकीच्यांचं चित्र बिघडतं, मध्यक जागचा फारसा हलत नाही. तरी टोकाच्या माणसाला विसरायचं नसतं: पेपर लिहिला गेला तेव्हाही दोघांना कामाला अडथळा येईल असं अपंगत्व होतं.

पुढे काय झालं

२०१६-१७ मध्ये शेजारच्या माँटेरे काउंटीत दुसऱ्या एका सौर प्रकल्पावर पुन्हा साथ आली. नऊ खात्रीचे रुग्ण. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने मघाशी म्हटलेला कायदा केला. हा आजार जास्त असलेल्या ११ काउंट्यांमध्ये धुळीच्या संपर्कात येणाऱ्या बांधकाम कामगारांना मालकाने दरवर्षी या आजाराचं प्रशिक्षण द्यायचं: लक्षणं काय, धोका कुठे, डॉक्टरला काय सांगायचं. उपाय तसे साधेच आहेत. माती ओली करून खणणं, वारा जोराचा असेल तर काम थांबवणं, बंद आणि हवा गाळणाऱ्या केबिनची यंत्रं, आणि चेहऱ्यावर नीट बसणारे एन-९५ किंवा त्याहून चांगले मास्क. तोंडाला रुमाल बांधून ३ मायक्रॉनचा कण अडत नाही.

आपल्याकडे याची भीती बाळगायची का, असं दोघांनी विचारलं. ही बुरशी भारतातल्या मातीत स्थायिक नाही. पण ॲरिझोना किंवा कॅलिफोर्नियात राहून आलेल्या माणसाला परतल्यावर न्यूमोनिया झाला आणि औषधाने उतरत नसेल, तर डॉक्टरला प्रवासाची माहिती जरूर सांगावी.

माझ्या वहीतलं एक पान

हा पेपर मला इतका का लागला ते सांगते. एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी एका रुग्णालयाच्या रजिस्टरमधून गजकर्णाच्या रुग्णांची माहिती घेतली होती. 'पत्ता' या रकान्यावरून तालुकावार नकाशा रंगवला. दोन तालुके गडद लाल झाले. मी खूश. गाईडने नकाशा बघितला आणि एकच विचारलं, "ही माणसं इथे राहतात, की इथली आहेत?"

मला फरकच कळला नाही. मग त्यांनी सांगितलं की त्या दोन तालुक्यांतून बरेच लोक ऊसतोडीला जातात. वर्षातले पाच-सहा महिने दुसऱ्या जिल्ह्यात, फडावरच्या कोपीत. त्यांना आजार गावात झाला की फडावर, हे माझ्या नकाशावरून कळायला मार्गच नव्हता. रजिस्टरमध्ये तो रकानाच नव्हता, आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं. सहा महिन्यांची मेहनत, आणि नकाशा परिशिष्टातसुद्धा घेता आला नाही.

आता माझ्या पीएच.डी.च्या प्रश्नावलीत पत्त्याच्या खाली आणखी एक ओळ आहे: "गेल्या तीन महिन्यांत कुठे आणि काय काम केलं?" विचारायला अर्धा मिनिट लागतो. त्या मुलीला मी परवा हेच सांगितलं. ती तिच्या प्रकल्पाचा फॉर्म घेऊन आली होती. तिच्याही फॉर्ममध्ये फक्त पत्ता होता. आम्ही दोघींनी बसून ती ओळ घातली.

तुमचा फॉर्म अजून छापायला गेला नसेल तर एकदा काढून बघा. काही शंका असेल तर खाली लिहा, जमेल तसं उत्तर देईन.